संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

बसमध्ये बसलो की माझी नजर आधी मागच्या खिडकीकडे जाते. तिथे लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. या चार शब्दांइतकं धीर देणारं वाङ्मय मराठीत फार थोडं असेल. तळोद्याहून चांदशैलीच्या घाटाने धडगावला जाताना ज्यांनी वळणावळणाला डोळे मिटले आहेत, त्यांना माझं म्हणणं पटेल. तो मार्ग खरोखर उघडतो का, हा प्रश्न मात्र चाळिशी उलटेपर्यंत मला कधी पडला नाही. तो पाडला आमच्या घरच्या संगणकाने.

हा संगणक चिरंजीवांच्या शिक्षणासाठी म्हणून घेतला, सौभाग्यवतींच्या पाककृतींसाठी वापरला गेला आणि अखेर गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाच्या जमाखर्चाच्या कामी आला. मी बी.कॉम., त्यात बँकेत कारकून. म्हणजे मंडळाचा खजिनदार व्हायला जन्मतःच पात्र! वार्षिक सभेच्या आदल्या रात्री हिशेब छापावा म्हणून नवा प्रिंटर जोडला. प्रिंटर काही चालला नाही, पण त्याच्या संगतीने चांगला चालणारा संगणक बिघडला. दर दोन मिनिटांनी आपला आपण बंद पडायचा आणि झोपेतून दचकून उठल्यासारखा पुन्हा सुरू व्हायचा.

मी घाबरलो नाही. या यंत्रात 'सिस्टीम रिस्टोअर' नावाची सोय असते, एवढं मला ठाऊक होतं. २००० साली विंडोज मिलेनियमबरोबर ती प्रथम आली. कल्पना मोठी गोड आहे. यंत्र अधूनमधून आपल्या प्रकृतीची नोंद करून ठेवतं. पुढे बिघाड झाला की आपण त्यातली एक तारीख निवडायची, आणि यंत्र त्या दिवशीच्या तब्येतीला परत जातं. (माणसांना ही सोय असती तर मीही एक तारीख निवडली असती. कोणती, ते सांगत नाही. हा लेख घरातही वाचला जातो.)

बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. चक्र फिरलं, थांबलं, आणि सगळं जिथल्या तिथे. मग सल्लागार जमले. मेहुणे फोनवरून म्हणाले, "बंद करून चालू करा." तेच तर यंत्र स्वतःहून करत होतं! शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "जरा थंड होऊ द्या." शेवटी संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला बोलावलं. त्याने कुठेतरी खोल शिरून 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी' नावाची सेवा शोधून काढली. ती बंद होती, आणि तिच्याशिवाय रिस्टोअरचं पान हलत नाही. बंद कोणी केली? यानेच, गेल्या दिवाळीत, यंत्राचा 'स्पीड' वाढावा म्हणून.

त्याने ती चालू केली. लगेच खिडकी उघडली आणि तिच्यात निरोप आला, की या यंत्रावर एकही रिस्टोअर पॉइंट तयार केलेला नाही. दार उघडलं आणि पलीकडे भिंत!

"काका, प्रोटेक्शन ऑन करून ठेवायला पाहिजे होतं ना," तो म्हणाला.

इथे माझं डोकं फिरलं. सोय बंद असेल तर तिचा दरवाजा दाखवता कशाला? बऱ्याच संगणकांवर हे 'प्रोटेक्शन' मुळातच बंद असतं. विकत घेताना ते कोणी सांगत नाही, आणि बुडाल्यावर मात्र सगळे सांगतात की पोहायला शिकायला हवं होतं.

यावर शहाणे लोक म्हणतात, ज्याने त्याने आपली काळजी घ्यावी. मान्य. पण ज्यांनी घेतली त्यांचं काय झालं? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत देखभाल संपली आणि शहाण्या लोकांनी विंडोज ११ वर जावं असं ठरलं. त्याच दिवशी विंडोज ११ ला जो सुरक्षेचा अपडेट आला, त्याने दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबीचा कीबोर्ड आणि माऊस दोन्ही बंद पाडले. एरवी ते ठणठणीत चालत. फक्त संकटकाळी चालत नव्हते. समोर सुटकेची सगळी बटणं दिसताहेत, पण ती दाबायला हात नाही! मायक्रोसॉफ्टने इलाज धाडला तो २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत. त्याच वर्षी ऑगस्टच्या अपडेटने काही यंत्रांवर 'रीसेट'च बिघडवलं होतं. त्याचा उतारा १९ ऑगस्टला आला. जानेवारी २०२४ मध्ये तर दुरुस्तीच्या कप्प्यात २५० एमबी जागा मोकळी नसेल तर अपडेट बसेचना, आणि पडद्यावर साधं 'जागा नाही' म्हणण्याऐवजी एक लांबलचक आकडा येई. लग्नाच्या पंगतीत पाहुण्याला 'पाटावर जागा नाही' म्हणण्याऐवजी त्याच्या हातात पाढ्यांचं पुस्तक द्यावं, तसं.

आता बँकेचं पाहा. आमच्या तिजोरीला किल्ल्या दोन, आणि त्या दोन माणसांकडे. त्यांचा डुप्लिकेट जोड आम्ही तिजोरीत ठेवत नाही. तो दुसऱ्या शाखेत राहतो आणि ठरावीक मुदतीने बदलला जातो. म्हणजे किल्ली कुलपाला लागते की नाही हेही कळतं. ही अक्कल आमच्या पूर्वजांना संगणक नसताना होती. संगणकवाल्यांनी मात्र डुप्लिकेट किल्ली त्याच तिजोरीत ठेवून वरून कुलूप लावलं आहे.

तुम्ही म्हणाल, एका गणेश मंडळाच्या जमाखर्चासाठी केवढा हा आक्रोश! तो जमाखर्च वाचला. सौभाग्यवतींनी सात वर्षं माझ्या नकळत एका वहीत तो उतरवून ठेवला होता. ("तुमच्यावर विश्वास आहे, पण मशीनवर नाही," हे त्यांचं स्पष्टीकरण. पहिल्या अर्ध्याबद्दलही मला शंका आहे.) सभेत तो कोणी पाहिलाही नाही.

माझा राग वेगळ्याच दिवसाचा आहे. तळोद्याच्या शाखेत असताना एके सकाळी माझं यंत्र असंच दुरुस्तीच्या पडद्यावर अडकलं. समोर धडगावकडच्या एका पाड्यावरची म्हातारी उभी होती. घाट उतरून आलेली, पासबुक फडक्यात गुंडाळलेलं. पैसे तिचे, खातं तिचं, अंगठाही तिचाच. नव्हतं ते फक्त यंत्र. आणि यंत्राशिवाय पैसे देण्याचा अधिकार मला नव्हता, साहेबांनाही नव्हता. दुपारी तीनपर्यंत ती बाकावर बसली. मग मी म्हणालो, "आजी, उद्या या." ती काही बोलली नाही. पासबुक पुन्हा फडक्यात बांधलं आणि गेली. तिची मजुरी बुडाली, घाटाच्या दोन खेपा वाढल्या, आणि याची नोंद कुठल्याच रिस्टोअर पॉइंटमध्ये झाली नाही.

याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. यंत्रावर भरवसा ठेवा, हे देशात सर्वांत आधी आमच्या लोकांनी ऐकलं. मग यंत्र पडल्यावर काय करायचं, तेही आधी आम्हाला सांगायला नको का? माझं मागणं थोडं आहे. सोय बंद असेल तर तसं पहिल्याच दिवशी, साध्या मराठीत सांगा. सुटकेची वाट तपासल्याशिवाय अपडेट धाडू नका. आणि यंत्रावर चालणाऱ्या प्रत्येक कचेरीत कागदावरची एक वाट ठेवा, ती वापरण्याच्या अधिकारासकट.

तोवर, वाचकहो, आपलं आपण पाहा. आज संगणक ठणठणीत असतानाच 'सिस्टीम प्रोटेक्शन' चालू करा, एक रिस्टोअर पॉइंट स्वतः तयार करा, एक रिकव्हरी पेनड्राइव्ह करून कपाटात ठेवा. आणि रिस्टोअर तुमची पत्रं, फोटो, हिशेब परत आणत नाही, ती त्याची जबाबदारीच नव्हे, हे लक्षात ठेवून त्यांची प्रत दुसरीकडे ठेवा. वही असली तर उत्तमच.

या सगळ्यानंतर परवा एका खाजगी बसने सुरतेला निघालो. मागची सीट मिळाली. म्हटलं, बघावं तरी. खिडकीचा दांडा ओढला. हलेना. क्लीनर धावत आला.

"ओ काका, काय करताय? ते संकटकाळी उघडायचं!"

"पण ते उघडतच नाही रे."

त्याने क्षणभर दांड्याकडे पाहिलं, क्षणभर माझ्याकडे, आणि म्हणाला,

"मग संकट येणार नाही. बसा खाली."