शहापूर-मुरबाडच्या वर्गात उपग्रह नकाशे: शिक्षकांच्या प्रशिक्षणात नेमकं काय हवं?

मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसा धरणातून येतं. हे धरण ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहे. १८९२ साली बांधलेलं तानसाही याच तालुक्यात. तरीही दर उन्हाळ्यात इथल्या अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. शेजारच्या मुरबाडमध्येही टँकर लागतात.

असं का? उत्तराचा एक भाग नकाशावर दिसतो. अनेक पाडे उंचावर आहेत, धरणाचं पाणी खाली आहे. पण पाणी कुणासाठी राखून ठेवायचं, हा निर्णय नकाशात दिसत नाही. हा फरक मुलांना समजावून सांगता येणं, हेच शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं खरं काम आहे.

साधनं कोणती आहेत?

इस्रोचं 'भुवन' पोर्टल २००९ पासून आहे. एनसीईआरटीसोबत तयार केलेला त्याचा शालेय विभागही आहे. गुगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनचे बदल पाहता येतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रंही मोफत मिळतात.

मग अडचण कुठे आहे?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार (२०२०) शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घेणं अपेक्षित आहे. त्यामुळे प्रश्न फक्त वेळेचा नाही, त्या वेळात काय शिकवलं जातं याचा आहे. ॲप डाउनलोड करून दाखवलं की प्रशिक्षण संपत नाही. किमान तीन गोष्टी हव्यात:

१. नेटशिवाय चालेल असा धडा. रेंज नसलेल्या पाड्यावर ऑक्टोबर आणि मे महिन्यातल्या जलाशयाची दोन छापील छायाचित्रंही पुरतात.

२. मर्यादांची ओळख. सेंटिनेल-२ च्या छायाचित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० बाय १० मीटर. त्यात पाड्यावरची विहीर ओळखू येणं कठीण. पावसाळ्यात सह्याद्रीवरचे ढग जमीनच झाकून टाकतात.

३. शिवारफेरी. छायाचित्रात न दिसलेल्या विहिरी, झरे आणि हातपंप मुलांनी स्वतः कागदावर मांडायचे. कुठला झरा कधी आटतो, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं.

याने फरक काय पडेल?

या भागात आदिवासी वस्ती मोठी आहे. वनहक्काच्या दाव्यांमध्ये नकाशा आणि उपग्रह छायाचित्रं महत्त्वाची ठरतात. मात्र २०१२ च्या सुधारित नियमांनुसार असं छायाचित्र हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही. म्हणजे आपल्या जमिनीचा नकाशा समोर आल्यावर त्यात काय आहे आणि काय सुटलंय, हे घरातल्या कुणाला तरी वाचता यायला हवं. आज सातवीत असलेली मुलगी उद्या ग्रामसभेत तो नकाशा वाचू शकते. त्यासाठी आधी तिच्या शिक्षकांना तो वाचता यायला हवा.