नवा पुरवठादार आणि पहिली मागणी

भिलाई म्हटले की धगधगत्या भट्ट्या आणि लांबच लांब रूळ डोळ्यांसमोर येतात. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सेक्टर 10 सारख्या वसाहतींतील कुटुंबांचे जीवन तेव्हापासून पोलादाशी बांधले गेले आहे. त्यांच्या पुढच्या पिढीतील एखादा अभियंता नोकरीऐवजी व्यवसाय करू म्हणतो, तेव्हा थोड्या जागेत आणि बेताच्या भांडवलात बसणारा एक मार्ग त्याच्यापुढे असतो, तो म्हणजे अचूक सूक्ष्म बॉल बेअरिंगांच्या पुरवठ्याचा.

बाहेरचा व्यास 9 मिलिमीटरहून कमी असलेल्या बेअरिंगास सर्वसाधारणपणे सूक्ष्म म्हणतात. मापनयंत्रे, लहान मोटारी आणि दंतवैद्याचे ड्रिल यांत ती असतात. ड्रिलमधील बेअरिंग तर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एवढ्या लहान बेअरिंगाच्या भोकाच्या व्यासात सर्वसाधारण वर्गात 8 मायक्रॉनपर्यंत तूट चालते, पाचव्या वर्गात 5, तर चौथ्या वर्गात अवघी 4 मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या मालाची पारख नुसत्या नजरेने का होत नाही, ते कळते.

येथेच नव्या पुरवठादाराची अडचण सुरू होते. काही खरेदीदार ‘अनुभव किती?’ एवढे विचारून त्याला परत पाठवतात. काही जण केवळ भाव कमी म्हणून एकदम मोठी मागणी नोंदवतात आणि पुढे यंत्र बंद पडले की पस्तावतात. आमच्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. आज या क्षेत्रात जगभर अग्रगण्य मानली जाणारी जपानची मिनेबिया ही कंपनीसुद्धा 1951 साली नवखीच होती. तिलाही कोणीतरी पहिली मागणी दिलीच असेल.

योग्य मार्ग मोजमापाचा आहे. पहिली मागणी लहान असावी. प्रत्येक खेपेसोबत उत्पादकाचे नाव, खेप क्रमांक आणि तपासणी अहवाल मागावा. पाकिटे मोहोरबंद आहेत ना, हे पाहावे, कारण नामांकित छापाचा बनावट मालही बाजारात असतो. काही नग मोजून घ्यावेत, कमी जोखमीच्या जागी बसवावेत आणि ते किती तास चालले याची नोंद ठेवावी.

मात्र परीक्षा घेणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. पहिले बिल लहान असते, म्हणून ते मागे पडते आणि नवा माणूस नेमका तेथेच कोसळतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. परंतु केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने या संरक्षणावर विसंबू नये. 2021 साली व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, ती अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरतीच. म्हणून अशा पुरवठादाराने देयकाची मुदत आणि विलंबाचे व्याज खरेदी आदेशातच लिहून घ्यावे.

शाखांतील आपल्या सहकाऱ्यांनाही एक विनंती आहे. तारण नसलेल्या उद्योजकांसाठी 2000 सालापासून पतहमी न्यास कार्यरत आहे. त्याची माहिती आपण होऊन द्यावी. नव्या ग्राहकाजवळ जुने ताळेबंद नसतील. त्याच्याजवळ तपासणी अहवाल, एक लहान खरेदी आदेश आणि वेळेवर जमा झालेले एक बिल असेल, तर त्या तीन कागदांना आपण पत मानली पाहिजे.

आणि खरेदीदार ग्राहकहो, त्यातला तिसरा कागद सर्वस्वी आपल्या हाती आहे. माल उतरला, तर ते पहिले बिल मुदतीच्या आत चुकते करावे. पुढच्या खेपेचा भरवसा त्यातूनच निर्माण होतो.