पश्चिमेची काच, भाडेकरूचे बिल

पश्चिमेकडे तोंड करून उभी केलेली काचेची भिंत ही सोलापूर जिल्ह्यातल्या व्यापारी बांधकामाला जडलेली सर्वांत महागडी खोड आहे. हा जिल्हा उष्ण आणि कोरड्या हवामानाचा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांवर जातो, ऐन दुपारी वीज जाते, आणि त्याच दिवसांत अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी या पट्ट्यात नव्या गाळ्याला, दवाखान्याला, पतसंस्थेच्या शाखेला जमिनीपासून छतापर्यंत काच चढते. विजेचे दर, भारनियमन, जळणारे ट्रान्सफॉर्मर यांवर ओरड होते आणि ती रास्तच आहे. काचेविरुद्ध मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

१० फूट उंच आणि ११ फूट रुंद काच म्हणजे साधारण १० चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन पडते. साध्या एकेरी काचेतून त्यातले सुमारे ८० टक्के आत उतरते. म्हणजे जवळजवळ ५ किलोवॅट उष्णता. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. तेव्हा दीड टनाचा एसी अख्खा या काचेच्याच सेवेत राबतो. छत, दिवे, संगणक आणि गिऱ्हाइके यांची उष्णता यात अजून धरलेलीच नाही. ऊन कलल्यापासून चार तासांत यावर पाचेक युनिट जळतात. कोळशावरच्या एका युनिटमागे ३ लिटरच्या आसपास पाणी लागते. सोलापूरच्या १,३२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राला हे पाणी उजनी धरणातून येते. ज्या सोलापूर शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्याच जिल्ह्यात एका गाळ्याची काच रोज दुपारी घागरभर पाण्याइतकी वीज गिळते.

या भागातली जुनी बांधणी याच्या नेमकी उलट होती. दोन-दोन फुटांची दगडमातीची भिंत, वर माळवद, रस्त्याच्या बाजूला ओटा आणि पडवी. भिंतीत दुपारी शिरलेली उष्णता आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर दुकान बंद झालेले असते. पडवीमुळे ऊन भिंतीपर्यंत येतच नाही. उष्णता आत येऊच न देणे, हा ऊर्जाबचतीचा पहिला नियम. आत घेऊन मग यंत्राने उपसणे हा शुद्ध अडाणीपणा आहे, आणि तो आराखड्यावर सही करणाऱ्या शिकलेल्या माणसांकडून होतो, हे अधिक संतापजनक.

कायदा इथे कामाचा नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. व्यापारी इमारतींची संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली. पण ती लागू होते १०० किलोवॅट जोडभारापासून पुढे. ७५ वॅटचे १,३०० पंखे एकदम फिरवले तरी हा आकडा गाठला जात नाही. मैंदर्गीच्या बाजारपेठेतला गाळा या कायद्याला दिसतच नाही. २०२२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. तो वापरला पाहिजे.

काचेची बाजू घेणारे सांगतात की गिऱ्हाईक काच बघून आत येते. गिऱ्हाईक मालासाठी आणि भावासाठी येते. तापलेल्या काचेमागे ते थांबत नाही. दुसरे म्हणतात, वर सोलर बसवू. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देते. एवढ्या काचेला ५ लागतात. म्हणजे आधी भोक पाडायचे आणि मग ते बुजवण्यासाठी छतावर पॅनेल मांडायचे. तिसरे छज्ज्याकडे बोट दाखवतात. आडवा छज्जा दक्षिणेला उपयोगी. पश्चिमेचे कललेले ऊन तिरपे येते आणि छज्ज्याखालून सरळ आत शिरते. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, बाहेरून सोडलेला वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा लागतो. पडदा काचेच्या आतून लावला तर उशीर झालेला असतो, उष्णता तोवर खोलीत आलेली असते.

खरे कारण वेगळेच आहे. काच निवडतो बांधणारा आणि बिल भरतो भाडेकरू. वीट, गिलावा, खिडक्या यांपेक्षा काच झटपट उभी राहते, गाळा फोटोत चकचकीत दिसतो, भाडे चढते. पुढची वीस वर्षे दर मे महिन्यात त्याचे पैसे दुसराच मोजतो. वीज गेली की न उघडणाऱ्या काचेच्या त्या पेटीत बसणेही अशक्य होते, आणि जनरेटरच्या डिझेलचा खर्चही भाडेकरूच्याच डोक्यावर बसतो.

बांधकाम परवानगीच्या नकाशावर पश्चिमेच्या भिंतीत काच किती, तिच्यावर बाहेरून सावली कशाची, आणि उघडणाऱ्या खिडक्या किती, या तीन नोंदी सक्तीच्या कराव्यात. त्याची वाट न पाहताही बरेच करता येते. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर द्यायला कुठलीही परवानगी लागत नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच आणले. उभ्या असलेल्या काचेवर बाहेरून पडदे आजही सोडता येतात, एसी २४ अंशांवर ठेवता येतो, ७५ वॅटच्या पंख्याजागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा बसवता येतो. आणि गाळा भाड्याने घेणाऱ्याने करारावर सही करण्यापूर्वी मालकाकडे मागच्या मे महिन्याचे वीजबिल मागावे.