विश्लेषण : अग्निबंब, टँकरच्या ताफ्याला ‘आसर्टू’सारखी संघटना का हवी?

पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढवली जात नाही. एसटी बसप्रमाणे महापालिकेचा टँकर आणि सांडपाण्याची जेटिंग गाडीही या नियमात येते. एसटीच्या पाठीशी देशपातळीवरची संघटना आहे. महापालिकेच्या यांत्रिकी विभागाचे काय?

नियम काय सांगतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने १६ जानेवारी २०२३ रोजी अधिसूचना काढली. केंद्र, राज्य, स्थानिक स्वराज्य संस्था, परिवहन महामंडळे आणि सार्वजनिक उपक्रमांची वाहने नोंदणीकृत केंद्रातच भंगारात काढायची आहेत. अधिसूचनेतील सूट संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या विशेष वाहनांपुरती आहे.

‘आसर्टू’ काय करते?

राज्य परिवहन उपक्रमांची ही संघटना १९६५ मध्ये स्थापन झाली. टायर, बॅटरी, सुट्या भागांचे दर ती पुरवठादारांशी एकत्रित ठरवते आणि सदस्य महामंडळे त्या दराने थेट मागणी नोंदवतात. १९६७ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘सीआयआरटी’च्या उभारणीतही तिचा वाटा होता, तिथे सुट्या भागांची चाचणी आणि अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण होते.

छत्रपती संभाजीनगरला हे परके नाही. एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक चिकलठाण्यात आहे. दापोडी आणि हिंगणा या इतर दोन. एका लिटरला किती किलोमीटर, दहा हजार किलोमीटरला किती ब्रेकडाऊन, टायर किती चालला, ही भाषा तिथल्या मेकॅनिकलाही पाठ असते. सर्व महामंडळे एकच माप वापरतात, म्हणून तुलना करता येते. अर्थात संघटना पैसे देत नाही. एसटीच्या जुन्या बसमधून फिरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

मग तेच माप महापालिकेला का चालत नाही?

कारण या गाड्या उभ्या राहून काम करतात. अग्निबंब आगीच्या ठिकाणी तासन् तास उभा असतो, पण त्याचे इंजिन पंप चालवत असते. जेटिंग गाडी, पथदिव्यांसाठीची शिडीची गाडी यांचेही तसेच. किलोमीटरचा आकडा कमी दिसतो, इंजिन मात्र झिजलेले असते. उलट, एखादा बंब वर्षानुवर्षे कमी वापरला गेला तरी पंधरा वर्षांनंतर त्याचीही नोंदणी संपते. अशा गाडीची देखभाल इंजिनाच्या तासांवर ठरवायला हवी. लॉगबुकात फक्त किलोमीटर लिहिले, तर डिझेलचा हिशेबही जुळत नाही आणि चोरीही पकडता येत नाही.

अमेरिकेत वीज कंपन्यांच्या ताफाप्रमुखांची स्वतंत्र परिषद व्हर्जिनियातील विल्यम्सबर्गला दरवर्षी भरते. खांबावर काम करणाऱ्या गाड्या आणि मालवाहू ट्रक यांचे प्रश्न वेगळे आहेत, हे तिथे केव्हाच मान्य झाले आहे.

इथे सुरुवात कुठून?

एका महापालिकेने दोनच बंबांची निविदा काढली, तर भाव करण्याची ताकद राहत नाही. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी आणि जालना अशा पाच महापालिका आहेत. त्यांच्या यांत्रिकी अभियंत्यांनी एकत्र बसायला नव्या कायद्याची गरज नाही. पहिल्या बैठकीत दोन याद्या पुरेत : कोणत्या गाडीची पंधरा वर्षे कधी भरतात आणि तिच्या जागी नेमकी कोणती गाडी लागणार आहे. उन्हाळ्यात जायकवाडीचे पाणी जिथे नळाने पोहोचत नाही, त्या वसाहतींना यातली पहिली यादी आधी कळायला हवी.