मातांच्या ग्रुपमध्ये कंपनीचे काय काम?

बाळंतिणीला पहिल्या पंधरवड्यात हमखास पडणारा एक प्रश्न आहे: ‘बाळ सारखे रडते, माझे दूध पुरत नसेल का?’ पूर्वी तो आईला, आजीला किंवा शेजारणीला विचारला जाई. आता घरे लहान झाली, माहेर दूर राहिले आणि रात्री दोन वाजता विचारायला जवळ कोणी नसते. मग तो प्रश्न मोबाइलवरच्या नव्या मातांच्या ग्रुपमध्ये जातो. पाच मिनिटांत धीर देणारी उत्तरे येतात. त्यातच एखादे उत्तर असते, ‘मी अमुक पावडर सुरू केली, बाळ शांत झोपायला लागले.’ हे उत्तर खरोखर दुसऱ्या आईचे, की कंपनीने पैसे देऊन लिहून घेतलेले? ते ओळखण्याचा कोणताही मार्ग त्या बाळंतिणीकडे नसतो.

‘लोक जिथे मनमोकळे बोलतात तिथे जा, त्यांच्यातलेच एक व्हा,’ असा सल्ला हल्ली ब्रँडना दिला जातो. साबण किंवा चपला विकणाऱ्यांनी तो मानला तर फार बिघडत नाही. आरोग्याच्या बाबतीत मात्र ‘त्यांच्यातलेच एक व्हा’ हे शब्दच धोक्याचे आहेत. रुग्णांच्या आणि मातांच्या गटांचे सारे मोल एकाच गोष्टीत असते. समोरच्याला आपल्याकडून काही विकायचे नाही, हा विश्वास. विक्रेता वेश बदलून आत शिरला की हा विश्वास संपतो, आणि त्याची किंमत तान्हे बाळ मोजते.

ही केवळ शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या डिजिटल जाहिरातबाजीवर अहवाल प्रसिद्ध केला. पावडर बनवणाऱ्या कंपन्या समाजमाध्यमांवर दिवसाला सुमारे ९० पोस्ट टाकतात आणि त्या २२ कोटी ९० लाख लोकांपर्यंत पोचतात, असे त्यात आढळले. मातांसाठी ‘क्लब’, मदत गट आणि सल्ला सेवा चालवणे, प्रभावकांना पैसे देणे, गर्भवतींची माहिती गोळा करून त्यांना नेमक्या वेळी नेमका संदेश पाठवणे, असे सारे मार्ग त्यात नोंदले आहेत. यातले बरेचसे पाहणाऱ्याला जाहिरात वाटतच नाही.

एका पोस्टने एवढे काय बिघडते? स्तनपानाचे गणित साधे आहे. बाळ जितके ओढते, तितके दूध तयार होते. नवजात बाळाचे पोट लहान असते, म्हणून ते दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा, कधी त्याहून अधिक वेळा प्यायला मागते. संध्याकाळी तर तासा-तासाला मागते. हे नैसर्गिक आहे, दूध कमी असल्याची ती खूण नव्हे. पण घाबरलेली आई एक बाटली वरचे दूध देते. पोट भरल्याने बाळ पुढच्या वेळी ओढत नाही, म्हणून दूध कमी बनते, म्हणून आणखी एक बाटली लागते. जी शंका मुळात खोटी होती, ती आठ-दहा दिवसांत खरी होऊन बसते. अस्वच्छ पाण्यात कालवलेली किंवा डबा पुरवण्यासाठी पातळ केलेली पावडर गरीब घरात जुलाब आणि कुपोषण आणते, ते वेगळेच.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरत नाही. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून काढत असेल, तर दूध पुरेसे आहे. काही बाळांना पावडरीची खरोखर गरज असते. आईच्या काही आजारांत किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दात्या मातेचे दूध मिळत नसेल तेव्हा ती द्यावी लागते. त्यात आईचा कमीपणा नाही. मात्र तो निर्णय बाळाला तपासून घ्यायचा असतो.

या बाबतीत भारतातला कायदा स्पष्ट आहे. १९८१ च्या आंतरराष्ट्रीय संहितेनंतर भारताने १९९२ मध्ये शिशुदुग्ध पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांविषयीचा कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या अशा उत्पादनांची जाहिरात करता येत नाही. नमुने वाटता येत नाहीत. विक्री वाढवण्यासाठी गर्भवतीशी किंवा तान्ह्या बाळाच्या आईशी संपर्क साधायलाही बंदी आहे. मोबाइलवर साधलेला संपर्क हाही संपर्कच. म्हणून या कंपन्यांना मातांच्या गटात वागण्याचा प्रामाणिक मार्ग एकच उरतो, तो म्हणजे बाहेर राहणे. कायद्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद असली तरी दंडाची कमाल रक्कम पाच हजार रुपये आहे. मोठ्या कंपनीला ती चहापाण्याच्या खर्चाएवढीही वाटणार नाही. ती वाढायला हवी.

इतर आजारांच्या गटांत कंपन्यांना जागा आहे, पण स्वतःच्या नावाने. मधुमेहींच्या गटात ग्लुकोमीटर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस ‘मी या कंपनीचा’ असे सांगून आला, पट्ट्या कशा ठेवायच्या, आकडा चुकीचा का येतो हे त्याने समजावले, तर रुग्णांचा फायदाच आहे. त्याने कोणाचा औषधाचा डोस बदलू नये, सदस्यांची नावे-नंबर गोळा करू नयेत, तक्रार करणाऱ्याला गप्प करू नये. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार दिसली तर ती कंपनीच्या औषध-सुरक्षा विभागाकडे आणि राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाकडे पोचवावी. पैसे घेऊन शिफारस करणाऱ्याने ते उघड सांगणे २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार बंधनकारक आहे. ग्रुप चालवणाऱ्यांनीही पहिला नियम हाच ठेवावा: ज्याचा कंपनीशी संबंध आहे त्याने तो आधी सांगावा, नाहीतर बाहेर पडावे.

दोष केवळ कंपन्यांचा मात्र नाही. रात्री दोन वाजता त्या बाळंतिणीला उत्तर देणारे दुसरे कोणी नाही, म्हणून कंपनीला वाट मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात, पण जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळणारी मुले ४१.८ टक्केच आहेत. म्हणजे आई आरोग्य यंत्रणेच्या हाताखाली असतानाच पहिली संधी हुकते. दवाखान्यात प्रसूत झालेल्या आईच्या घरी आशाताईने तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जायचे असते. शहरांतल्या कितीतरी इमारतींत मात्र कोणीच पोचत नाही. प्रसूती कक्षात बाळाला छातीशी कसे धरायचे हे शिकवायला वेळ असलेली परिचारिका आणि घरी गेल्यावर विचारायला एक नंबर, एवढे मिळाले तरी पुष्कळ फरक पडेल.

महाराष्ट्राला हे नवे नाही. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली, आणि स्तनपानासाठी देशभर झटणारी बीपीएनआय ही संस्था १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली. एका आईने दुसरीच्या बाळासाठी दूध द्यावे, एवढा विश्वास या व्यवस्थेने उभा केला. मातांचे ग्रुप त्याच विश्वासावर चालतात. तो विकाऊ होऊ न देणे ही सरकार, रुग्णालये आणि ग्रुप चालवणारे या साऱ्यांचीच जबाबदारी आहे.