‘आत या’ म्हणण्यापूर्वी

‘बेलीफ’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो सांगलीत, वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी. आमच्या वाड्यातल्या मागच्या बिऱ्हाडावर कर्जापायी जप्ती आली होती. कोर्टाचा माणूस हातात कागद घेऊन आला तशी वाड्यातली दारे एकामागून एक लागली. कुणी काही बोलले नाही, पण फटीतून सगळेच पाहत होते. त्या घरातल्या काकू शिवणकाम करीत. घरातले कपाट गेले, भिंतीवरचे घड्याळ गेले, पण शिवणाचे यंत्र राहिले. ‘हत्यारावर हात टाकत नाहीत,’ असे आजोबा म्हणाल्याचे आठवते. आजोबांचे म्हणणे खरे होते. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे आणि धर्माच्या रिवाजाने बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. पुढे त्या काकू फार दिवस त्या वाड्यात राहिल्या नाहीत. त्यांचे कपाट गेले यापेक्षा ते सर्वांच्या देखत गेले, याने त्यांना वाडा सोडायला लावला असावा.

हे सगळे मी पार विसरून गेले होते. साठ वर्षांनी, लंडनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात, जानेवारी २०१८ मधल्या एका सकाळी माझ्याच दारावर थाप पडली, तेव्हा ते आठवले.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. इंग्लंडमध्ये घरपट्टीसारखा एक कर असतो, त्याला कौन्सिल टॅक्स म्हणतात. १९९० मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने इंग्लंड आणि वेल्समध्ये माणशी सारखा कर, म्हणजे पोल टॅक्स आणला. स्कॉटलंडमध्ये तो आदल्याच वर्षी आला होता. ३१ मार्च १९९० रोजी ट्रफाल्गर चौकात त्यावरून दंगल झाली, ती आम्ही टीव्हीवर पाहिली. तो कर गेला आणि १ एप्रिल १९९३ पासून कौन्सिल टॅक्स आला. घराच्या किमतीप्रमाणे त्याचे ‘ए’ ते ‘एच’ असे गट पाडलेले असतात. गंमत अशी, की इंग्लंडमध्ये अजूनही किंमत धरतात ती १ एप्रिल १९९१ ची. या करातून कचरा उचलला जातो, वाचनालये चालतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांची देखभाल होते. माझ्या यजमानांच्या शेवटच्या आजारात त्यांना अंघोळ घालायला सकाळी मदतनीस बाई येत, त्या कौन्सिलनेच पाठवलेल्या. तेव्हा हा कर जुलमी आहे, असे मी म्हणणार नाही. कर भरलाच पाहिजे.

पण मी तो भरला नव्हता.

यजमान गेले ते मे २०१७ च्या मध्यावर. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात घरातला प्रत्येक कागद त्यांनी पाहिला होता. मी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली, दोन मुलांना वाढवले, गाडी चालवली. पण वीज, पाणी, विमा, कर हे सारे ‘त्यांचे खाते’. आणि ते शब्दशः त्यांचेच खाते होते. बँकेला मृत्यूची खबर गेली, खाते गोठले आणि त्यातून परस्पर जाणारे हप्ते थांबले. कौन्सिलने रीतसर माझ्या नावाने नवे बिल पाठवले. वर्षाचे १,४८० पौंड, पैकी एप्रिल आणि मेचे दोन हप्ते गेलेले. राहिले १,१८४. ते पाकीट मी उघडले नाही. त्या दिवसांत जी पाकिटे येत, त्यांच्यावर एक तर त्यांचे नाव असे, नाही तर माझ्या नावामागे काही तरी नवीन लागलेले असे. मी ती ड्रॉवरमध्ये टाकत गेले. ‘दिवस कार्य आटोपले, की बघू,’ असे म्हणता म्हणता वर्षश्राद्धाची वेळ जवळ आली.

ड्रॉवर बंद असला तरी कायद्याचे काम चालूच असते. एक हप्ता चुकला, की स्मरणपत्र येते आणि सात दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात भरणा झाला नाही, तर आणखी सात दिवसांनी हप्त्यांनी भरण्याचा हक्कच जातो आणि उरलेल्या वर्षाची सगळी रक्कम एकदम देय होते. मग मॅजिस्ट्रेटच्या कोर्टाचे समन्स. एका दिवसात शेकडो नावे पुढे येतात आणि बहुतेक जण हजर नसतात. कोर्ट ‘तुम्ही देणे लागता’ असा हुकूम देते, त्याचा खर्च आपल्याच डोक्यावर चढतो. माझ्या डोक्यावर ९५ पौंड चढले. पुढे हे प्रकरण वसुली करणाऱ्या खासगी कंपनीकडे गेले. २०१४ मध्ये लागू झालेल्या नियमांनी बेलीफचे नाव बदलून ‘अंमलबजावणी अधिकारी’ असे केले आणि त्याची फी ठरवून दिली. त्या वेळी पत्र पाठवण्याच्या टप्प्याला ७५ पौंड पडत आणि दारात माणूस आला, की आणखी २३५. अशा रीतीने माझे ११८४ पौंडांचे देणे १५८९ वर गेले. यातली एकही गोष्ट माझ्यापासून लपवलेली नव्हती. सगळे लेखी कळवलेले होते. ड्रॉवरमध्ये होते.

तर त्या सकाळी दार वाजले. बाहेर विशीतला, थंडीने नाक लाल झालेला एक मुलगा. त्याने ओळखपत्र दाखवले, नाव विचारले आणि कौन्सिलच्या थकबाकीबद्दल बोलायचे आहे म्हणाला. मी काय केले असेल? सांगलीत वाढलेली कोणतीही बाई जे करील तेच. ‘थंडी फार आहे, आत या,’ म्हटले. त्याने बूट काढू का, असेही विचारले. मी चहा टाकला.

पुढे मला कळले, की त्या ‘आत या’मध्ये माझा सारा बचाव मी देऊन टाकला होता. कौन्सिल टॅक्ससाठी पहिल्यांदा आलेल्या अधिकाऱ्याला बळजबरीने दार उघडता येत नाही. खिडकीतून शिरता येत नाही. सकाळी सहाच्या आधी आणि रात्री नऊनंतर येता येत नाही. घरात फक्त सोळा वर्षांखालचे मूल असेल, तर आत येऊन काही करता येत नाही. बंद दारातून किंवा पत्राच्या फटीतून बोलून त्याला परत पाठवले तरी तो गुन्हा नाही. दारात उभी केलेली गाडी मात्र तो नेऊ शकतो. इंग्रज माणसाचे घर म्हणजे त्याचा किल्ला, हे तत्त्व तिथल्या कोर्टाने १६०४ सालीच एका खटल्यात मांडले आहे. पण किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून पाहुण्याला चहा दिला, तर मग तो कसला किल्ला? आपल्याकडे अतिथीला दारात ताटकळत ठेवणे हे पाप, आणि तिथल्या कायद्यात तोच एक उपाय.

त्याने खोलीभर नजर फिरवली आणि यादी केली. टीव्ही, सोफा, शोकेसचे कपाट. फ्रीज, शेगडी, कपडे धुण्याचे यंत्र यांना हात लावता येत नाही, हे त्यानेच सांगितले. मग कोपऱ्यातल्या वस्तूकडे बोट दाखवून ‘हे काय?’ म्हणाला. ती माझी पेटी. १९७४ मध्ये सांगलीहून विमानात मांडीशी धरून आणलेली. मी ‘हार्मोनियम’ म्हटले. त्याला स्पेलिंग येईना, म्हणून त्याने ‘लाकडी वाद्य’ असे लिहिले. वस्तू आत्ता नेत नाही, पण पैसे ठरल्याप्रमाणे आले नाहीत तर नेऊ, अशा करारावर मी सही केली. तशी सही केल्यावर हप्ता चुकला, तर सूचना देऊन ते दार फोडूनही येऊ शकतात, हे मला माहीत नव्हते. तो मुलगा वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. जाताना त्याने कप स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

मी रात्रभर झोपले नाही. पैशांपेक्षा एकच विचार छळत होता : समोरच्यांनी पाहिले असेल का? रविवारी महाराष्ट्र मंडळात कुणाला कळले तर? साठ वर्षांपूर्वीच्या वाड्यातली सगळी दारे माझ्याभोवती लागत होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गुजराती बेन दूध द्यायला आल्या आणि माझा चेहरा पाहून बसल्याच. त्यांनी काही विचारले नाही, फक्त ‘कागळ क्यां छे?’ म्हणाल्या. आम्ही दोघींनी मिळून तो ड्रॉवर टेबलावर उपडा केला. एकतीस पाकिटे निघाली. ती घेऊन त्या मला सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेत घेऊन गेल्या. १९३९ पासून ही संस्था फुकट सल्ला देते. तिथल्या सल्लागार बाईंनी पाकिटे तारखेप्रमाणे लावली आणि पहिल्याच बिलासोबत आलेला एक कागद माझ्यासमोर ठेवला. घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल, तर करात पंचवीस टक्के सूट मिळते. मला फक्त तसे कळवायचे होते. सव्वातीनशेच्या आसपास पौंड मी मुळात देणेच लागत नव्हते.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती सरकारच्या २०१४ च्या राष्ट्रीय मानकांतली. वृद्ध, आजारी, गरोदर, एकटे पालक यांच्याबरोबरच ‘नुकतेच आप्त गमावलेले’ असेही शब्द त्यात आहेत. अशांच्या बाबतीत विशेष सांभाळून वागावे, असे सांगितले आहे. बाईंनी तिथूनच कौन्सिलला फोन लावला. कौन्सिलने प्रकरण कंपनीकडून परत मागवले, दोन्ही फिया गेल्या, सूट लागली. कोर्टाचे ९५ पौंड राहिले. १५८९ चे ९५५ झाले. महिना ८० पौंडांप्रमाणे बारा महिन्यांत ते फिटले. पेटी घरातच राहिली.

मुलाला मी हे सगळे नंतर सांगितले. तो स्कॉटलंडमध्ये असतो. फोनवर कितीतरी वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आई, मला का नाही सांगितलंस?’ मी म्हटले, ‘अरे, काय सांगणार? तुझ्या आईनं कर बुडवला म्हणून?’

हाच माझा मुद्दा आहे. वसुलीची सारी यंत्रणा कायद्यावर चालते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती निम्मी लाजेवर चालते. आपल्याकडच्या काही महापालिकांनी थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवल्याच्या बातम्या आपण हसत हसत वाचतो. ज्याच्याकडे दोन बंगले आहेत आणि जो कोर्टकज्जे करून पट्टी टाळतो, त्याच्या दारात खुशाल वाजवा. पण ज्याला देता येत नाही आणि ज्याला द्यायचे नाही, ही दोन वेगळी माणसे आहेत. बँडला हा फरक कळत नाही आणि संगणकातून निघणाऱ्या नोटिशीलाही कळत नाही. लाज वाटली, की माणूस पैसे देतो हा समज अर्धाच खरा. लाज वाटली, की माणूस पाकीट उघडायचे थांबतो, हे मी स्वतःवरून सांगते.

म्हणून मला वाटते, की कोर्टात जाण्यापूर्वी एकदा तरी जिवंत माणसाने फोन करावा किंवा दार वाजवावे, आणि त्याची फी लावू नये. मृत्यूची नोंद ज्या कार्यालयात जाते, त्याच कार्यालयाला विधवेला कोणती सूट आहे हे ठाऊक असते. मग ते पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरांत का लिहू नये? आणि एक-दोन हप्ते चुकले म्हणून साऱ्या वर्षाची रक्कम एकदम मागण्यात कोणते शहाणपण? ज्याला शंभर देता येत नाहीत, तो हजार कुठून देणार? सुधारणा होत नाहीत असे नाही. वेल्सने २०१९ मध्ये या करासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद काढून टाकली. २०२१ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सल्लागारामार्फत साठ दिवस वसुली थांबवून श्वास घेण्याची सोय झाली. माझ्या वेळी ती नव्हती.

पण सगळा दोष यंत्रणेवर टाकून मी मोकळी होणार नाही. पंचेचाळीस वर्षे घरातले कागद मी पाहिले नाहीत. त्यांनी दाखवले नाहीत हे खरे, मी मागितले नाहीत हेही तितकेच खरे. ‘तुला काय करायचंय त्यात?’ हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते, आणि ऐकणारीलाही ते सोयीचेच वाटते. सांगली असो की लंडन, आपल्या किती घरांत आजही असेच चालते! आज रविवार आहे. जेवणे झाली, की घरातल्या दोघांनी अर्धा तास बसावे. घरपट्टी कोणाच्या नावे, कोणत्या खात्यातून जाते, विमा कुठे आहे, हे एका वहीत लिहावे. यात अभद्र काही नाही.

माझ्या घरी आता टपाल आले, की त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडले जाते. ड्रॉवरमध्ये मी पेटीची सुरावटीची वही ठेवली आहे. दार वाजले, तर आधी साखळी लावून कोण आहे ते विचारते. मग, येण्यासारखा माणूस असला, तर ‘आत या’ म्हणते. ती सवय काही सुटलेली नाही, आणि ती सुटावी असेही मला वाटत नाही.