टाकी कोणी रिकामी करायची?

अमेरिकेत सुटी लागली की लोक घरासारखी सजवलेली गाडी घेऊन भटकायला निघतात. कॅम्पर व्हॅन, मोटरहोम, आर.व्ही. अशी तिला अनेक नावे आहेत. आत झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी आणि संडास. आपल्याकडून तिकडे नोकरीला गेलेली तरुण मंडळीही यलोस्टोन बघायला अशी गाडी भाड्याने घेतात आणि फोटो पाठवतात. डोंगर दिसतात, तळी दिसतात, गाडीच्या दारात उभे राहून चहा पिणारे हसरे चेहरे दिसतात. एक गोष्ट मात्र त्या फोटोंत कधी येत नाही. त्या संडासातला मैला गाडीच्या पोटातल्या टाकीत साठतो आणि ती टाकी भरली की ज्याने गाडी घेतली त्यालाच ती रिकामी करावी लागते. तिथे हाक मारायला कोणी नसते.

हे काम चालते कसे, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. गाडीला सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. मैल्याची ती काळी टाकी. मोरीच्या आणि न्हाणीच्या पाण्याची ती करडी. जागोजागी टाक्या रिकाम्या करण्याची ठिकाणे असतात, त्यांना डम्प स्टेशन म्हणतात. सिमेंटच्या ओट्यात झाकण असलेले एक भोक, ते गटाराला किंवा मोठ्या सेप्टिक टँकला जोडलेले, आणि शेजारी धुण्यासाठी पाण्याचा नळ. गाडीवाला हातात रबरी मोजे घालतो, तीन इंची जाड होज पाइप गाडीच्या तोंडाला पिळून बसवतो, दुसरे टोक भोकात सोडतो आणि आधी काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह ओढतो. ती रिकामी झाली की मग करडी सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुऊन निघतो. पिण्याचे पाणी भरायचा पाइप वेगळा. त्याला या कामात हात लावायचा नाही. पंधरा-वीस मिनिटांचा मामला. डॉक्टर असो, वकील असो, बँकेचा अधिकारी असो, प्रत्येक जण स्वतःच करतो. युरोपात तर अनेक गाड्यांत संडासाखालची टाकी पेटीसारखी बाहेर निघते. ती हाताने ओढत नेऊन रिकामी करायची. घरी आल्यावर त्याला कोणी शिवून घेत नाही असे होत नाही, त्याच्या मुलीचे लग्न मोडत नाही आणि त्याचा नातू जन्मतःच टाकी उपसणारा ठरत नाही.

त्यात आणखी एक बारकावा आहे. मुक्कामाला गाडी उभी असताना काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही, असे तिथला प्रत्येक जाणकार नवख्याला बजावतो. उघडा ठेवला तर पाणी वाहून जाते, घट्ट मैला तळाशी राहतो, वाळतो आणि दगडासारखा बसतो. मग तो निघता निघत नाही. म्हणून टाकी निम्म्याहून जास्त भरू द्यायची, भरपूर पाण्यासह एकदम सोडायची आणि पुन्हा थोडे पाणी घालूनच वापरायला घ्यायची. थोडक्यात, मैला सुकू द्यायचा नाही आणि वेळ टळू द्यायची नाही. हा बारकावा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आपल्याकडे माणसे मरतात ती इथेच.

हिवाळ्याची तयारी तर याहून चिकाटीची. पाणी गोठले की ते सुमारे नऊ टक्के फुगते आणि नळ, पंप, सांधे फोडून टाकते. म्हणून थंडी पडण्याआधी दोन्ही घाण टाक्या रिकाम्या करून धुवायच्या, चांगल्या पाण्याची टाकी मोकळी करायची, गीझर बंद करून थंड होऊ द्यायचा आणि मगच त्यातले पाणी काढायचे. त्यानंतर पंपाने गुलाबी रंगाचे, न गोठणारे द्रव सगळ्या नळ्यांतून फिरवायचे. गरम नळ, थंड नळ, शॉवर, संडास, प्रत्येक ठिकाणी गुलाबी धार दिसेपर्यंत. मोरीखालच्या वाकड्या नळीतही ते थोडे ओतायचे. हे द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असते. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी, ते इथे चालत नाही. प्लास्टिकच्या नळीला तडा जाऊ नये म्हणून माणूस शरद ऋतूतली एक अख्खी दुपार घालवतो.

अमेरिका म्हणजे स्वर्ग, असे आम्हाला सांगायचे नाही. १९६८ साली मेम्फिस शहरात कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून दोन काळे सफाई कामगार मेले, तेव्हा आपण माणूस आहोत अशा पाट्या गळ्यात घालून तिथल्या काळ्या कामगारांना रस्त्यावर उतरावे लागले होते. त्यांच्या पाठिंब्याला गेलेल्या डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून त्याच शहरात झाला. घाण काम काळ्यांच्या वाट्याला ढकलणारा वर्ण तिथेही आहे. पण या गाडीच्या टाकीपुरता मुद्दा वेगळा आहे. ही टाकी ज्याने आखली त्याला पक्के ठाऊक होते, की गाडीचा मालकच ती रिकामी करणार आहे. म्हणून व्हॉल्व्ह बाहेरून हाताला येतो, उतार तोंडाकडे असतो, पाइप पिळून बसतो, आणि टाकीत उतरण्याचा प्रश्नच येत नाही.

आता आपल्या सोसायटीच्या आवारातली सेप्टिक टाकी बघा. जमिनीखाली काळोखी खोली, वर एक जड झाकण, ते भोक बरोबर एक माणूस आत सोडण्याएवढे. ती आखणाऱ्यालाही पक्के ठाऊक होते, की उतरणारा आपल्या घरातला नसेल. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसला पाहिजे, असे अभियांत्रिकी सांगते. दहा-दहा वर्षे झाकण उघडले जात नाही. तळाचा मैला घट्ट बसतो, सक्शन टँकरच्या पाइपला तो ओढत नाही, किंवा टँकर गल्लीत शिरतच नाही. मग ठेकेदार नाक्यावरून दोन पोरे आणतो. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. वर्तमानपत्रात बातमी येते ती नेहमी दोघांची, तिघांची असते, ती यामुळे.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये कामाची वाटणी आणि काम करणाऱ्यांची वाटणी यांतला जो फरक दाखवला, तो पाहायला ग्रंथालयात जायची गरज नाही. हे झाकण उघडून बघितले तरी पुरे. केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेत गटारे व सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची जी नोंद २०२४ पर्यंत झाली, त्यात ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. खुल्या प्रवर्गातले आठ टक्के. हा योगायोग आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने तो सिद्ध करावा.

कायदा नाही का? आहे. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा २०१३चा कायदा अमलात आला तो ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाण दिनी. त्याच्या कलम ७ नुसार कोणत्याही व्यक्तीला, स्थानिक संस्थेला किंवा एजन्सीला गटार वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावता येत नाही, प्रत्यक्षही नाही आणि अप्रत्यक्षही नाही. म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी ‘आम्ही ठेकेदाराला सांगितले होते’ म्हणून सुटू शकत नाही. कलम ९ नुसार पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

मग पळवाट कुठे आहे? व्याख्येत आहे. संरक्षक साधने न देता माणूस उतरवला तरच ती ‘धोकादायक सफाई’. साधने दिली असे कागदावर दाखवले की उतरवणे धोकादायक राहत नाही. आणि साधने घालून काम करणारा ‘मैला सफाई कामगार’ या व्याख्येतूनही बाहेर पडतो. म्हणूनच सरकार संसदेत सांगू शकते, की हाताने मैला उचलताना कोणाचा मृत्यू झाल्याची नोंद नाही, आणि तेच सरकार २०२२ साली लोकसभेत सांगते, की आधीच्या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टाक्या साफ करताना ३४७ जण मेले. दोन्ही उत्तरे एकाच खात्याची. मेलेला माणूस एकच. तो कोणत्या रकान्यात टाकायचा एवढाच प्रश्न.

न्यायालयांनी आपल्या परीने हे ताणून धरले आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक गटार-मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीच्या टाकीत तिघे मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने सरकारने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती जबाबदार असणाऱ्याकडून वसूल करावी, असा आदेश दिला. जागा खासगी होती म्हणून सरकार हात झटकू शकत नाही, हे त्यामुळे पक्के झाले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत ही सफाई माणसाकरवी करणे बंद करण्याचा आदेशही सर्वोच्च न्यायालयाने दिला. मात्र भरपाई माणूस मेल्यावर मिळते.

माणूस उतरवल्याशिवाय हे काम होत नाही, हा युक्तिवाद खोटा आहे आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी गावातल्या सेप्टिक टाक्या ठरल्या वेळापत्रकाने, साधारण तीन वर्षांतून एकदा, टँकरने उपसण्याची पद्धत बसवली. टाकी तुंबून घरमालकाने फोन करायची वाट पाहायची नाही. पाळी आली की टँकर येणारच. गाळ ओला असतो, पाइप तो ओढतो, आत कोणी उतरत नाही. अमेरिकेतला गाडीवाला जो नियम पाळतो तोच हा. मुंबई-पुण्याच्या श्रीमंत सोसायट्यांना तो परवडत नाही, हे कोणाला पटेल? राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. तशा गाड्या कोकणात, सह्याद्रीत फिरू लागल्या तर आनंदच आहे. पण त्यांचा मैला ज्या टाकीत सोडला जाईल ती टाकी किती दिवसांनी आणि कोणत्या यंत्राने उपसली जाणार, हे परवानगीच्या कागदावर लिहिलेले असले पाहिजे.

आपल्या कार्यकर्त्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. टाकीत मृत्यू झाला की पोलीस फक्त निष्काळजीपणाचे कलम लावतात. पूर्वी ते ३०४-अ होते, जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे १०६ आहे. तेवढ्यावर सही करून घरी येऊ नका. २०१३च्या कायद्याची कलमे ७ व ९ फिर्यादीत घालायला लावा. मृत अनुसूचित जातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(ञ)ही मागा. सेप्टिक टाकीला ते लागू होते की नाही यावर वाद होईल. तो वाद न्यायालयात होऊ द्या, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर नको.

दुसरी गोष्ट आपल्याच अंगणातली आहे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर महानगरपालिका फिरती शौचालये उभी करते. लाखो माणसे येतात. चाकांवरच्या त्या टाक्या रात्रीतून रिकाम्या होतात, आणि मुंबईच्या सफाई खात्यात पिढ्यान्‌पिढ्या कोण आहे हे आपल्याला सांगायला नको. आपण अभिवादन करून, पुस्तके घेऊन गाडीला लागतो तेव्हा त्या टाकीशी जो उभा असतो तोही बहुधा आपलाच भाऊ असतो. व्यवस्थेची जबाबदारी घेणाऱ्या आपल्या संघटनांनी या वर्षी नोव्हेंबरातच पालिकेला लेखी विचारावे: शौचालये किती, दिवसातून किती वेळा उपसणार, सक्शन टँकर किती, कामगार कायम की ठेक्यावरचे, हातमोजे-गमबूट कोणाकडून मिळणार आणि त्यांची पाळी किती तासांची. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.